पाच बेटं आणि एक शांत माणूस

११ जानेवारी, रविवार. बाहेर उणे एकतीस.
नवी वही. शांत माणसाने आयुष्याची नोंद ठेवावी असं माझं मत आहे, आणि मी शांत माणूस आहे.

काल आईने तोग्झानच्या कानांत आमच्या घरची कर्णफुलं घातली. म्हणजे सोयरीक झाली, मुलगी आमची झाली. याहून पक्कं काही नसतं. कर्णफुलं घालून झाल्यावर तोग्झान माझ्याकडे बघून हसली. मग सांझारकडे बघून हसली. सांझार माझ्या बहिणीचा मुलगा, वय सव्वीस, लग्नांचे फोटो काढतो. फोटो काढणाऱ्याकडे बघून माणूस हसतोच. नोंद एवढ्यासाठीच की त्याच्याकडचं हसणं किंचित लांबलं.

तोग्झान लहान मुलांची दातांची डॉक्टर, एकतीस वर्षांची. मी सदतीस, घराघरांत ऊब पोचवणाऱ्या गरम पाण्याच्या लाइनींचा इंजिनीयर. आमचं अख्खं करागांदा शहर हिवाळ्यात जिवंत राहतं ते आमच्यामुळे. कुणी बोलून दाखवत नाही. आमचीही अपेक्षा नाही.

ठरलं ते असं: एप्रिलमध्ये लग्न. हॉल, तीनशे माणसं, माइकवर ओरडणारा सूत्रसंचालक, यातलं काही नको. एखाद्या गरम बेटावर समुद्राकाठी दोघंच. हनिमूनही तिथेच. परत आल्यावर आईच्या समाधानासाठी सगळ्या नातेवाइकांसमोर नवरीचा पदर उचलायचा विधी आणि जेवण. तोग्झानने पाच बेटांची यादी दिली, आईने ती फ्रिजवर लावली. मालदीव, बाली, फुकेत, श्रीलंका, मॉरिशस. तोग्झान म्हणाली, मला पाचही चालतील, तुला आवडेल ते सांग.

संकल्प १: ३१ जानेवारीपर्यंत बेट नक्की.
संकल्प २: तिचा फोन वाजला की कुणाचा ते विचारायचं नाही.

१३ जानेवारी, मंगळवार
तोग्झानच्या बहिणीकडे चहा. तिचा नवरा मेइरझान, म्हणजे माझा होणारा साडू. यांचं लग्न मालदीवला झालं होतं. साडूने फोटो दाखवले. चारशेच्या वर. प्रत्येकात पांढरी पँट. तोग्झानने विचारलं, पाणी खरंच इतकं निळं असतं का हो भाऊजी? तो म्हणाला, अगं, फोटोत काहीच नाही, तिथे तर डोळे दिपतात! आणि ती हसली. त्यात हसण्यासारखं काय होतं?

मालदीव रद्द. कारण: ती बेटं हळूहळू बुडताहेत असं वाचलंय. बायकोला बुडत्या जागी न्यायचं म्हणजे बेजबाबदारपणा.

येताना दुकानात पांढरी पँट घालून पाहिली. विकणारी बाई म्हणाली, तुम्ही दवाखान्यात असता का?

१७ जानेवारी, शनिवार
बालीचं जवळजवळ ठरलं होतं. बोलता बोलता तोग्झान म्हणाली, अरे, बालीत तिमुर असतो की! कोण तिमुर? शाळेतला. आठवीपर्यंत एका बाकावर. बर्फ फार असला की तिचं दप्तर तो उचलायचा. मी हसत म्हणालो, अच्छा. अगदी सहज. ती म्हणाली, दात का आवळतोयस, दाढ दुखतेय का?

बाली रद्द. कारण: ज्वालामुखी.

संकल्प २ आज मोडला. पण फोन दोनदा वाजला होता.

२४ जानेवारी, शनिवार
ट्रॅव्हल एजन्सीत गेलो. फुकेतच्या माहितीपत्रकावर एक नावाडी. उघडाबंब. तोग्झान म्हणाली, किती छान नाव आहे! नाव म्हणजे होडी, असं तिने नंतर स्पष्ट केलं. मी विचारलं नव्हतं. फक्त माहितीपत्रक बंद करून खिशात घातलं होतं.

फुकेत रद्द. गर्दी फार.

श्रीलंकाही आजच. तिच्या क्लिनिकमधले हाडांचे डॉक्टर तिथे महिनाभर राहून आले आणि बारा किलो उतरले म्हणे. आता शर्ट खोचतात. तोग्झान म्हणाली, ओळखूच येत नाहीत. मी त्यांना आधी पाहिलेलं नाही. आता पाहणार आहे. श्रीलंका रद्द, घाटात मला गाडी लागते.

एक बेट राहिलं. सगळं योजनेप्रमाणे चाललंय.

१ फेब्रुवारी, रविवार
मॉरिशस. आम्हाला माहीत असलेलं कुणीही तिथे गेलेलं नाही. उगाच म्हणत नाही, चौकशी केली. तिच्या ओळखीचा कुणी पुरुष तिथे गेलाय का, हे तिच्या बहिणीला विचारलं, क्लिनिकच्या रिसेप्शनिस्टला विचारलं, तिच्या शाळेतल्या बाईंनाही फोन केला. कुणी नाही. विजयी मुद्रेने तोग्झानला सांगायला गेलो.

ती म्हणाली, मी गेलेय ना! दंतवैद्यांचं अधिवेशन होतं, सात वर्षांपूर्वी. छान वाटलं म्हणून तर यादीत घातलं.

चाळीस दंतवैद्य गेले होते. मी विचारलं, त्यात पुरुष किती? ती म्हणाली, मोजले नाहीत. मी म्हणालो, अंदाजे? ती उठून भांडी घासायला गेली. भांडी स्वच्छ होती.

मॉरिशस रद्द. कारण सुचल्यावर लिहीन.

१५ फेब्रुवारी, रविवार
बाल्खाश तळ्याचा प्रस्ताव मांडला. आपलंच तळं, आपली माणसं, पाणी अर्धं गोड अर्धं खारं, काठावर विश्रामगृह. तोग्झान म्हणाली, एप्रिलमध्ये तिथे बर्फ असतो, आणि मला गरम बेट हवंय रे, आयुष्यात एकदा. रागावली नाही. नुसती हळू बोलली. त्यापेक्षा रागावली असती तर बरं.

कुल्याश वहिनी (थोरल्या भावाची बायको, सोयरीक तिनेच जमवली) मला बाजूला घेऊन म्हणाली, तुझ्या डोक्यात बॉयलर बसवलाय का रे? पोरगी लाखात एक आहे. जरा वाफ सोड बाहेर.

त्यात सांझार आला. म्हणाला, मामा, लग्नाचे फोटो मी काढतो, माझ्याकडून भेट. कुठलंही बेट असू दे, तिकीट माझं मी काढीन. तोग्झानने टाळी वाजवली. मग दोघं लॅपटॉपवर फोटो बघत बसली. चाळीस मिनिटं. सात वेळा हसली. पाच वेळा मोठ्याने.

माझा भाचाच आहे तो. त्याला मी खांद्यावर बसवून फिरवलंय. म्हणून मनात काही नाही. पण हनिमूनला भाचा नको, एवढंच.

अडचण अशी. भाच्याने मामाच्या घरी तीन गोष्टी मागाव्यात आणि मामाने नाही म्हणू नये, ही आपली रीत. नाही म्हणणाऱ्या मामाचे हात थरथरायला लागतात म्हणे. सांझारने बाराव्या वर्षी माझी सायकल मागितली, विसाव्या वर्षी माझं कातडी जाकीट. दोन झाल्या. तिसरी शिल्लक आहे. उद्या चारचौघांत म्हणाला, मामा, मला बेटावर ने, तर काय करणार?

उपाय सुचलाय. मी काही उगाच इंजिनीयर नाही. दाब वाढायच्या आधीच झडप उघडायची. पुढच्या रविवारी जेवायला सगळे येणार आहेत. सगळ्यांसमोर मीच म्हणायचं, भाच्या, तिसरं मागणं आजच मागून टाक. तो नवी लेन्स मागणार, महिनाभर तिच्याबद्दलच बोलतोय. लेन्स देऊन मोकळा. मग तो बेटावर यायचं कुठल्या तोंडाने म्हणेल? आज रात्री छान झोप लागणार.

२२ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी ६
थोरले काका मांस कापत होते. आई, वहिनी, तोग्झान, तिची बहीण आणि साडू, सगळे. मी उभा राहिलो. रीत, घराणं, मामा-भाच्याचं नातं, यावर चार वाक्यं बोललो. काका मान डोलवत होते. मग म्हणालो, सांझार, तिसरं मागणं आज माग. लाजू नकोस. काहीही माग.

सांझारने तोंडातला घास नीट चावला, गिळला, हात पुसले. म्हणाला, काहीही?
मी म्हणालो, तुझा मामा शब्द फिरवत नाही.
तो म्हणाला, मग मामा, बेट तोग्झानला निवडू दे.

मग काका म्हणाले, शाब्बास रे पठ्ठ्या, मागणं असावं तर असं! त्यांनी दोन्ही हात उघडून आशीर्वाद म्हटला, सगळ्यांनी हात चेहऱ्यावरून फिरवले. मीही फिरवले. झालं. आता फिरवाफिरव नाही.

तोग्झान सांझारकडे बघत होती. डोळे भरलेले. माझ्याकडे बघून तिचे डोळे कधी भरलेले नाहीत. आणि तिला निवडायचंय हे याला कसं माहीत? म्हणजे बोलणं झालं. कधी? कुठे?

वहिनीला विचारलं. ती म्हणाली, अरे बाबा, ते तर फ्रिजलासुद्धा माहीत होतं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
निवडलं. बाली.

मी शांतपणे विचारलं, बालीच का? शांतपणे, हे तिनेही मान्य केलं. ती म्हणाली, कारण माझ्या ओळखीचं माणूस जिथे असेल ती जागा वगळत गेलास तर तू उद्या मला करागांदातही ठेवणार नाहीस. इथे तर मी सगळ्यांनाच ओळखते.

यावर उत्तर होतं माझ्याकडे. आत्ता आठवत नाही.

बुकिंग झालं. १० ते २० एप्रिल. समुद्राकाठचं छोटं हॉटेल. सांझार येणार नाही, त्याने स्वतःच सांगितलं, तुमचं तुम्ही जा मामा, फोटो परत आल्यावर काढू. हा मोठेपणा कुणाला दाखवत होता, ते न कळायला मी दुधखुळा नाही.

संकल्प ३: पोहायला शिकणे.

८ मार्च, रविवार. महिला दिन.
तोग्झानला फुलं द्यायला क्लिनिकवर गेलो. टेबलावर आधीच सतरा गुच्छ. पेशंटच्या बापांनी दिलेले. मुलांचे दात किडतात आणि बाप फुलं आणतात. ती आत एका पोराची दाढ बघत होती तेवढ्यात मी कार्डं वाचली. नीट ठेवली होती परत, पण क्रम चुकला असणार. तिने बघितलं. म्हणाली, मला विचारलं असतंस तर मीच वाचून दाखवली असती. एक तर सहा वर्षांच्या मुलीने लिहिलंय.

ते मी वाचलं होतं. अक्षर जरा जास्तच पोरकट वाटलं.

संकल्प ४: आजपासून कुणाची चौकशी करायची नाही. काळ्या शाईने लिहितोय.

२९ मार्च, रविवार
बर्फ वितळतोय, रस्त्यावर चिखल. पोहण्याचे तीन तास झाले. पाण्यात उभं राहता येतं.

तोग्झान या आठवड्यात फार गोड वागली. परवा माझ्या दंडावर डोकं टेकून म्हणाली, आपण दोघं पहाटे समुद्रावर जायचं, कुणाशी बोलायचं नाही, नुसतं बसायचं. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी तिच्या फोनकडे बघितलंसुद्धा नाही. हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

म्हणूनच आता हे सुख नीट सांभाळायला हवं. हॉटेलला पत्र लिहिलं. फोनमधल्या भाषांतराने इंग्रजी करून घेतलं. साध्या, व्यवहारी सूचना:

१. नवरीच्या टेबलावर वाढणारा माणूस साठीच्या पुढचा असावा किंवा बाई असावी.
२. गळ्यात फुलांची माळ घालायची असल्यास फक्त बाईने घालावी.
३. पोहायला शिकवणारा नको. नवरा शिकवेल.
४. तिमुर नावाच्या माणसाला आवारात येऊ देऊ नये. फोटो सोबत जोडला आहे, दुसऱ्या ओळीत डावीकडून तिसरा.

फोटो आठवीचा आहे. दुसरा मिळाला नाही. शाळेतल्या बाई फार मदत करतात.

२ एप्रिल, गुरुवार, दुपारी १२
हॉटेलचं उत्तर आलं. अतिशय नम्र. लिहिलंय की साठीच्या पुढचा आमचा एकच माणूस आहे, माळी, आणि तो आनंदाने जेवण वाढेल. आणि फोटोतल्या त्या लहान मुलाला पहारेकरी आत सोडणार नाही, तुम्ही दोघं निर्धास्त या.

बुकिंग दोघांच्या नावावर आहे. उत्तर दोघांना गेलं.

खाली माझं पत्रही जोडलेलं.

३ एप्रिल, शुक्रवार
तोग्झान घरी आली. आईला नमस्कार केला, चहा घेतला, मग माझ्यासमोर बसली. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही. कर्णफुलं कानांत होती. ती मी आधी बघितली.

म्हणाली, सागिंदिक, मला तू आवडतोस रे. पण हल्ली माझा फोन वाजला की मी आधी तुझ्याकडे बघते आणि मग फोनकडे. असं जगायला मला जमणार नाही. मी बालीला एकटी जाते. दहा दिवस. तू फोन करायचा नाहीस. मी कुठे आहे, कुणाशी बोलतेय, हे न कळता तू दहा दिवस राहिलास, तर परत आल्याबरोबर तुझ्या आईसमोर पदर डोक्यावर घेऊन उभी राहते. बेटावरचं लग्न गेलं तर गेलं.

आणि नाही राहिलो तर?

तिने कानाला हात लावला फक्त.

मला ती हवी आहे. हे लिहायला हरकत नाही, ही वही कुणी वाचणार नाही. मला तीच हवी आहे, आणि ती हसली की आनंद व्हायच्या ऐवजी मी ती कुणाकडे बघून हसली तेच बघतो, हे काय आहे मला कळत नाही.

असो. दहा दिवस म्हणजे काय! आम्ही सहा महिने हिवाळा काढतो.

१० एप्रिल, शुक्रवार
विमानतळावर सोडलं. शेजारच्या सीटवर कोण, ते विचारलं नाही. अभिमान वाटला. ती मागे वळून हसली. फक्त माझ्याकडे, कारण तिथे दुसरं कुणी ओळखीचं नव्हतं.

१२ एप्रिल, रविवार
फोन नाही. फोन आईच्या कपाटात ठेवायला दिला. आई म्हणाली, तुझे बाबा तीन-तीन महिने कळपाबरोबर माळावर असायचे, मी काय करत होते ते त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी म्हणालो, आणि तू काय करत होतीस? आईने कपाटाला कुलूप लावलं.

१३ एप्रिल, सोमवार
फोन नाही. सांझारला सहज गाठलं. तोही इथेच आहे. बरं वाटलं. साडूही इथेच. हाडांचे डॉक्टरही, खिडकीतून दिसले, शर्ट खोचलेला. म्हणजे आता फक्त तिमुर उरतो.

१४ एप्रिल, मंगळवार, सकाळी १०:१०
तिने सांगितलं होतं, मला फोन करू नकोस. तोग्झान शब्द जपून वापरते. हॉटेलला करू नकोस असं ती म्हणालेली नाही.

ऑफिसच्या फोनवरून लावला. एका पुरुषाने उचलला. आवाज अगदी मधाळ. तिथे दुपारचे एक वाजून गेले होते. मी विचारलं, मिस तोग्झान जेवताना एकट्या असतात का? माझं इंग्रजी त्याला कळलं असावं, कारण तो म्हणाला, एक मिनिट, सर. मला वाटलं बघायला गेला. तो बोलवायला गेला होता.

मग तिचा आवाज आला. मागे समुद्र वाजत होता.

म्हणाली, एकटीच जेवते. समोर रिकामी खुर्ची असते. पहिल्या दिवशी हे लोक काढायला निघाले होते, मीच राहू द्या म्हटलं. दोघांच्या नावाची पाटी आहे टेबलावर, तीही राहू दिली. आज विचार करत होते, चार दिवस झाले, म्हणजे जमतंय त्याला.

मी म्हणालो, जमतंयच! हा फोन धरायचा नाही, मी फक्त—

ती म्हणाली, तिमुर गेल्या ऑगस्टमध्येच बाली सोडून आपल्याकडे अल्माटीला परत आला. मलाही इथे आल्यावर कळलं. पण इतक्या दिवसांत एकदा तरी तू मला म्हणाला असतास, तोग्झान, मला भीती वाटते गं. सगळ्या गावाला विचारलंस. मला नाही विचारलंस.

मग म्हणाली, ठेवते. भात गार होतोय.

संध्याकाळी ५. फोन कट झाला नाही, तिने ठेवला. दोन्हींत फरक असतो. तरी एकंदरीत ती शांत होती. चांगली खूण आहे. उरलेले सहा दिवस मी पाळणार.

२० एप्रिल, सोमवार, दुपारी ३
तोग्झान सकाळी पोचली. घरी आली नाही. दुपारी कुल्याश वहिनी आली, हातात छोटी डबी. कर्णफुलं. आईने उघडून पाहिली, बंद केली, कपाटात ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली. पीठ मळत असल्याचा आवाज आला. आज पिठाचं काहीही करायचं नव्हतं.

वहिनी म्हणाली, रागाने नाही दिली रे. रडत दिली. मला म्हणाली, त्याला सांगा, नीट जेवत जा. मी म्हणालो, हो. मग मला उठून खिडकीशी जावं लागलं. बाहेर आमची माणसं लाइन बंद करत होती, हिवाळ्याचा मोसम संपला.

थोडा वेळ गेला की ती निवळेल. कर्णफुलं काय, परत घालता येतात. आता मी खरंच बदललोय. शेवटचा संकल्प: यापुढे कुणालाही काहीही विचारायचं नाही.

३:२०. वहिनीला विचारलं, अल्माटीत तिमुर नक्की कुठे राहतो.

वहिनीने कोट घातला आणि गेली. विचारलं ते फक्त माहितीसाठी.